कर्सर जोडाक्षरात शिरतो तेव्हा

भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोपांना पऱ्हे म्हणतात. पावसाला सुरुवात झाली की बांधीच्या एका कोपऱ्यात पऱ्हे टाकायचे आणि ते वीतभर वाढले की उपटून रोवणी करायची. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या करडीत हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. संगणकाला मात्र तो सहज पचत नाही. युनिकोडच्या हिशेबाने 'पऱ्हे'मध्ये 5 चिन्हं आहेत: प, ऱ, हलंत, ह आणि एकार. यूटीएफ-8मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, म्हणजे एकूण 15 बाइट झाले. पडद्यावर बघणाऱ्याला दिसतात दोनच तुकडे: प आणि ऱ्हे. बाइट, चिन्हं आणि तुकडे अशा या तीन हिशेबांच्या मधोमध बसून मी ईमॅक्स नावाच्या एडिटरच्या पोटात जे काम केलं, त्याबद्दल हे लिहितो आहे.

मी सी भाषेत प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. नागपुरात शिकलो, काही वर्षं पुण्यात काढली आणि 2020च्या टाळेबंदीत गावी आलो तो इथेच राहिलो. नोकरीचं काम यंत्रांच्या आतल्या छोट्या बोर्डांसाठीचं, कोरडं. ईमॅक्स हे माझं रोजचं हत्यार. लिहायला, कंपाइल करायला, टिपणं ठेवायला, सगळ्याला तोच. आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. झाडीबोलीतले शब्द जमवण्याचा त्यांना जुना नाद. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, त्यात आपल्या पंचक्रोशीतले जे शब्द राहिले असतील ते आपण नोंदवावेत, एवढाच गुरुजींचा हेतू. डोळ्याला डोरा, पाण्याला पानी इथपर्यंत सगळ्यांनाच माहीत असतं. गुरुजींच्या यादीत शेती, भांडीकुंडी, आजार, शिव्या असं सगळं होतं.

ही यादी त्यांनी पूर्वी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टंकली होती. ती युनिकोडमध्ये आणताना कुठल्याशा कन्व्हर्टरने सगळ्या ऱ चे र करून टाकले. 'पऱ्हे'चं 'पर्हे' झालं, 'धुऱ्यावर'चं 'धुर्यावर'. सरसकट बदलून टाकावं तर 'सूर्य' आणि 'कार्य'ही बिघडणार. शिवाय प्रत्येक नोंद गुरुजींना स्वतः वाचायचीच होती. म्हणून मी ईमॅक्स त्यांच्या गळ्यात मारला. त्यात देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट आहे, आयट्रान्स आहे, आणखीही दोन-तीन पद्धती आहेत. गुरुजींचा हात इनस्क्रिप्टवर बसलेला. त्यात जे ही कळ नुसती दाबली की र उमटतो आणि शिफ्टसह दाबली की ऱ.

म्हणजे 'पर्हे'चं 'पऱ्हे' करायला फक्त एक चिन्ह बदलायचं होतं. पण ते चिन्ह जोडाक्षराच्या आत. बाणाची कळ दाबली की कर्सर 'र्हे' हा पूर्ण तुकडा ओलांडून पलीकडे जातो. ईमॅक्सच्या 29व्या आवृत्तीपासून डिलीटची कळ अख्खं जोडाक्षर एका घावात खोडते. बॅकस्पेस मागून एकेक चिन्ह खात येतो, त्यामुळे र पर्यंत पोचायचं तर एकार, ह आणि हलंत यांचा बळी द्यावा लागतो. कंट्रोल-डी ही आज्ञा पुढचं एकच चिन्ह काढते खरी, पण र गेल्यावर उरलेला हलंत मागच्या प ला चिकटतो आणि पडद्यावर 'प्हे' असं भलतंच काहीतरी उभं राहतं. ते बघून गुरुजी म्हणाले, "का गा बाबू, र काढला तं प काहून मोडला?"

प्रश्न बरोबर होता. प मोडला नव्हता. पाच चिन्हांतलं एक गेल्यावर उरलेल्या चार चिन्हांची जी मांडणी नियमाने व्हायला हवी ती झाली होती. पण हे उत्तर यंत्राच्या बाजूचं झालं.

यावरचा इलाज ईमॅक्समध्येच होता. 29वी आवृत्ती 30 जुलै 2023ला आली, तिच्यात एक नवं व्हेरिएबल आहे: कॉम्पोझिशन-ब्रेक-अ‍ॅट-पॉइंट. ते सुरू केलं की कर्सर जोडाक्षराच्या आत शिरू शकतो आणि शिरला की तेवढं जोडाक्षर सुटं होऊन दिसतं. मूळ स्थितीत ते बंद असतं. मी ते गुरुजींच्या यंत्रावर सुरू करून दिलं आणि तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हे व्हेरिएबल लिस्पमध्ये कुठेच तयार केलेलं दिसेना, आणि सी लिहिणाऱ्या माणसाला अशी गोष्ट स्वस्थ बसू देत नाही.

ईमॅक्स दोन भाषांत लिहिलेला आहे. तळाशी सी: पडदा रंगवणं, कळा वाचणं, स्मृती सांभाळणं. वरचा सगळा व्यवहार लिस्पमध्ये. 1981 साली जेम्स गॉस्लिंगने युनिक्ससाठी सीमध्ये ईमॅक्स लिहिला, त्यात मॉकलिस्प नावाची अर्धीमुर्धी भाषा होती. रिचर्ड स्टॉलमनने 1984मध्ये ग्नू ईमॅक्स हाती घेतला तेव्हा त्याला खरी लिस्प हवी होती आणि त्याने ती बसवली. तेव्हापासून या प्रोग्रॅमच्या मध्यातून एक सीमारेषा जाते. काही व्हेरिएबलं अशी असतात की ती सीला क्षणाक्षणाला वाचायची असतात आणि लिस्पमधून कुणालाही बदलता यायला हवी असतात. अशी व्हेरिएबलं सीमधूनच लिस्पमध्ये जाहीर केली जातात.

त्यासाठी काही ठरलेले मॅक्रो आहेत. डेफवार-लिस्पने केलेल्या व्हेरिएबलमध्ये लिस्पचं काहीही मावतं: यादी, स्ट्रिंग, फंक्शन. डेफवार-इंटमध्ये फक्त पूर्णांक. डेफवार-बूलमध्ये फक्त हो किंवा नाही. प्रत्येक बफरसाठी, म्हणजे उघडलेल्या प्रत्येक मजकुरासाठी, वेगळी किंमत लागत असेल तर डेफवार-पर-बफर; टॅबची रुंदी त्यातली. मॅक्रोला लिस्पमधलं नाव द्यायचं, ज्यात शब्द आडव्या रेघेने जोडलेले असतात. सीमधलं नाव द्यायचं, ज्यात त्याच जागी अंडरस्कोअर येतो. आणि खाली माहितीचा मजकूर लिहायचा. लिस्पची वस्तू धरणाऱ्या सी नावाआधी मोठा व्ही लावायचा रिवाज आहे. इंट आणि बूलला तो लागत नाही. बहुतेक सी फाइलींच्या तळाशी सिम्स-ऑफने सुरू होणारं एक फंक्शन असतं, त्यात हे सगळं मांडतात. आमचं व्हेरिएबल कॉम्पोझिट.सी या फाइलच्या अशाच फंक्शनात बसलं होतं. एक बूल, एका ओळीची माहिती, आणि सुरुवातीची किंमत: नाही.

मला अडवलं ते पुढच्या गोष्टीने. सीमध्ये व्हेरिएबल वापरायचं तर ते कुठेतरी घोषित केलेलं लागतं. मी सगळ्या सी फाइली धुंडाळल्या, तर हे व्हेरिएबल वापरलेलं दिसे, पण त्याची घोषणा कुठेच नाही. मग कळलं की ती घोषणा माणूस लिहीतच नाही. ईमॅक्स बांधला जाताना मेक-डॉकफाइल नावाचा छोटा प्रोग्रॅम आधी तयार होतो. तो सगळ्या सी फाइली वाचून हे मॅक्रो हुडकतो आणि ग्लोबल्स.एच नावाची हेडर फाइल स्वतः लिहून काढतो. डेफवार-पर-बफरची वगळता ही सगळी व्हेरिएबलं त्या फाइलीत एका मोठ्या स्ट्रक्चरचे सदस्य होतात. सी कोडमध्ये जे साधं नाव दिसतं ते प्रत्यक्षात त्या सदस्याचं टोपणनाव असतं. हाच प्रोग्रॅम मॅक्रोंमधला माहितीचा मजकूरही गोळा करून वेगळ्या फाइलीत ठेवतो. कंपायलरच्या लेखी तो मजकूर म्हणजे निव्वळ टिप्पणी, तो तिकडे ढुंकूनही बघत नाही. ईमॅक्समध्ये मदत मागितल्यावर समोर येतो तो मजकूर हाच. व्हेरिएबल जिथे जन्मतं तिथेच त्याची माहिती लिहायची, ही शिस्त मला फार आवडते. नोकरीच्या कामात कागदपत्रं एका कपाटात आणि कोड दुसऱ्याच गावात असतो.

लिस्पच्या बाजूला मग उरतं काय? नाव. लिस्पमधल्या त्या नावाच्या पोटात किंमत नसते, सीमधल्या जागेचा पत्ता असतो. सातबाऱ्यावर आपलं नाव असतं आणि जमीन असते तिकडे धुऱ्यापलीकडे, तसंच हे. लिस्पने किंमत बदलली की ती थेट सीच्या त्या जागेत जाऊन पडते आणि लिस्पने वाचली की तिथूनच उचलली जाते. सी कुणाला विचारत नाही. त्याला गरज पडली की तो आपली जागा बघतो आणि कामाला लागतो. कीबोर्ड.सीमध्ये प्रत्येक आज्ञा संपल्यावर कर्सर जोडाक्षराच्या आत अडकला असेल तर त्याला कडेला ढकलणारा भाग आहे. ढकलण्याआधी तो आमचं बूल तपासतो. ते 'हो' असेल तर ढकलत नाही. गुरुजींना जोडाक्षराच्या आत जाता आलं ते या एका तपासणीमुळे.

सी कुणाला विचारत नाही, याचा भार दुसऱ्या कुणालातरी वाहावा लागतो. हेच व्हेरिएबल एखाद्या बफरपुरतं वेगळं ठेवायचं ठरवलं, म्हणजे गुरुजींच्या यादीत 'हो' आणि बाकी सगळीकडे 'नाही', तर ईमॅक्स ते करू देतो. पण जागा तर सीमध्ये एकच आहे. म्हणून बफर बदलताना दर वेळी ईमॅक्स त्या बफरची स्थानिक व्हेरिएबलं तपासतो आणि ज्यांचा पत्ता सीत आहे त्यांच्या किमती जागेवर अदलाबदल करून ठेवतो. सीने बघायच्या आत योग्य किंमत तिथे हजर असली पाहिजे. लिस्पने तात्पुरती बांधलेली किंमतही अशीच असते: लेट नावाच्या रचनेच्या आत ती बदलली की तेवढ्या वेळापुरती सीला नवी दिसते आणि बाहेर पडताना, मध्ये चूक होऊन बाहेर पडलं तरीही, जुनी परत जागेवर येते. सीमधून जाहीर झालेली व्हेरिएबलं सगळी याच पद्धतीने बांधली जातात, फाइलीत बाकी काहीही लिहिलेलं असो. सी लिहून मुरलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे पाप, असं आम्हाला शिकवलेलं असतं.

स्मृतीचा मामला आणखी नाजूक. लिस्पच्या वस्तू ईमॅक्सचा कचरावेचक अधूनमधून झाडून काढतो. ज्या वस्तूपर्यंत कुठूनही पोचता येत नाही ती गेली. डेफवार-लिस्पने केलेली जागा आपोआप जपायच्या यादीत जाते. हाताने सीमध्ये लिस्पची वस्तू कुठेतरी ठेवली आणि कुणाला कळवलं नाही, तर ती एके दिवशी नाहीशी होते. आणि तो दिवस नेमका पाहुणा दारात असतानाचा असतो.

देवनागरीची मुख्य यंत्रणाही अशाच एका व्हेरिएबलवर उभी आहे. कॉम्पोझिशन-फंक्शन-टेबल हे डेफवार-लिस्पने केलेलं कोष्टक: कुठल्या चिन्हापासून सुरू होणारी मालिका कुठल्या नियमाने जोडायची. सीने फक्त कोष्टकाची जागा ठेवली आहे. नियम भरले आहेत लिस्पने, इंडियन.एल नावाच्या फाइलीत, आणि त्या फाइलीच्या माथ्यावर नाव आहे कावाबाता ताइची यांचं. केनइचि हांडा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी अनेक लिप्यांसाठी म्यूल ही व्यवस्था उभी केली, ती 1997च्या 20व्या आवृत्तीत ईमॅक्सच्या मुख्य प्रवाहात आली. करडीतल्या गुरुजींचा 'ऱ्हे' जुळतो तो जपानमध्ये बसून विचार केलेल्या माणसांमुळे. 29व्या आवृत्तीत मोडी लिपीसुद्धा आली आहे. युनिकोडमध्ये मोडी 2014 साली आली आणि एडिटरमध्ये ती टंकायची पद्धत आता आहे. गुरुजींना हे सांगितलं, तर त्यांनी आजोबांच्या मोडीतल्या खरेदीखताची आठवण काढली आणि मग आपली यादी पुढे ओढली.

विम या दुसऱ्या एडिटरचे लोक रागावू नयेत म्हणून एक वाक्य: तिथेही सीमधून स्क्रिप्टला व्हेरिएबलं दिली जातात, पण एका ठरलेल्या तक्त्यातून, आणि त्यातल्या बऱ्याच जणांवर 'फक्त वाचा' असा शिक्का असतो. विमचे कर्ते ब्राम मोलेनार ईमॅक्सची 29वी आवृत्ती आल्यानंतर चारच दिवसांनी, 3 ऑगस्ट 2023ला गेले. मी विम कधी मनापासून वापरला नाही, तरी बातमी कळली त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

तर, गुरुजींकडे परत. बूल सुरू केल्यावर आठवड्याभरात त्यांची तक्रार आली. ओळीतून कर्सर पुढे नेताना वाटेतलं प्रत्येक जोडाक्षर फुटत होतं, मिटत होतं. 'क्ष' फुटला, मिटला. 'त्र' फुटला, मिटला. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते खुपतं. मी मात्र उलट दिशेने विचार करत होतो. मला वाटत होतं की कर्सरच्या आजूबाजूची आणखी चिन्हं सुटी दिसायला हवीत, म्हणजे शब्दाची घडण कळेल. म्हणून मी स्वतःच्या बांधणीत, कॉम्पोझिट.सीमध्येच, एक डेफवार-इंट जोडला: कर्सरच्या दोन्ही बाजूंना किती चिन्हं सुटी ठेवायची तो आकडा.

जोडायला दोन-तीन ओळी. बांधणीला लॅपटॉप बराच वेळ घुरघुरतो. ईमॅक्स आधी कच्च्या रूपात तयार होतो, लिस्पच्या फाइली चढवतो आणि मग ती सगळी अवस्था एका डंप फाइलीत साठवतो. 27व्या आवृत्तीपासून हे काम नव्या पद्धतीने होतं. सिम्स-ऑफ फंक्शनात दिलेली सुरुवातीची किंमत त्या डंपमध्येच गोठते. त्या सुमारास आमच्याकडे दुपारी लाइट जात असे, त्यामुळे बांधणी रात्री.

बांधून झाल्यावर मी लिस्पच्या बाजूने त्याला छळायला घेतलं. 2 दिला, घेतला. स्ट्रिंग दिली, तर लगेच चुकीचा प्रकार म्हणून हरकत घेतली: इथे पूर्णांक हवा. शेजारच्या बूलला 5 दिला तर तो मुकाट्याने घेतो आणि वाचायला गेलं की 'टी', म्हणजे 'हो', म्हणतो. 5 कुठे गेला ते विचारायची सोय नाही. पण माझ्या इंटला उणे 3 दिले तेही त्याने घेतले. एक अब्ज दिले तेही घेतले. मॅक्रो जात तपासतो, शहाणपण तपासत नाही. उणे 3 चिन्हं सुटी ठेवणं म्हणजे काय, हे ठरवायचं काम माझ्या सी कोडच्या माथी आलं. पडदा रंगवणाऱ्या, दर कळीला चालणाऱ्या कोडमध्ये आता मला जगातल्या कुठल्याही आकड्याची तयारी ठेवावी लागणार होती. एकदा व्हेरिएबलला लिस्पमध्ये नाव मिळालं की ते गावाचं झालं. कुणीतरी आपल्या सेटिंगमध्ये ते लिहून ठेवतो आणि मग ते नाव बदलणंही मुश्कील.

आणि गुरुजींना तर आकडा नकोच होता. त्यांना फोडणं हवं होतं, पण आपण म्हणू तेव्हा. हे 'तेव्हा' सीमध्ये मावत नाही. कोण कधी काय दुरुस्त करणार हे पडदा रंगवणाऱ्या कोडला कळायचं कारण नाही, आणि ते कळावं म्हणून त्याच्यात एकेक आकडा वाढवत गेलं तर शेवटी सीमध्ये लिस्पच लिहिल्यासारखं होईल. ज्यांनी ते बूल घातलं त्यांनी नेमकं तेवढंच दिलं होतं, एक हो आणि एक नाही. मी माझा इंट काढून टाकला, मूळ ईमॅक्स ठेवला आणि लिस्पमध्ये चार ओळींची आज्ञा लिहिली: बूल 'नाही' असेल तर 'हो' कर, 'हो' असेल तर 'नाही' कर. ती एफ-8 या कळीला बांधली. गुरुजी आता वाचताना सगळं मिटलेलं ठेवतात. 'पर्हे' दिसलं की त्याच्याजवळ जाऊन एफ-8 दाबतात, आत शिरून र च्या जागी ऱ घालतात, पुन्हा एफ-8 दाबतात आणि पुढे जातात.

त्या आज्ञेची माहितीही लिहायला हवी होती, शिस्तच ती. मी मराठीत लिहिलं: 'पॉइंटपाशी असलेल्या संयुक्त अक्षरसमूहाचं विघटन सुरू किंवा बंद करतो.' कळीबद्दल मदत कशी मागायची हे मी गुरुजींना दाखवलं, तेव्हा ते वाक्य पडद्यावर आलं. गुरुजींनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा सारखा करत म्हणाले, हे तू कोणासाठी लिहिलंस? मी फाइल उघडून दिली. त्यांनी माझं वाक्य खोडलं आणि स्वतः टंकलं: 'जोडाक्षर उघडते. आतले अक्षर बदलून झाले की पुन्हा दाबावे, म्हणजे मिटते. उघडे ठेवून वाचू नये, डोळे दुखतात.'

पहिलं वाक्य एका ओळीत पूर्ण असावं, असा ईमॅक्सच्या माहितीचा नियम आहे. गुरुजींचं होतं.